बैकल सील आणि मोटोरो पाकट

समुद्रापासून लांब राहण्यात दोघंही नागपूरकरांसारखेच, गोड्या पाण्यातले. सायबेरियातल्या बैकल सरोवराचा सील सस्तन आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, म्हणून हिवाळ्यात पुढच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासाची भोकं उघडी ठेवतो. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतलं मोटोरो पाकट मात्र मासा: कल्ले आहेत, हाडं नाहीत, सांगाडा कूर्चेचा. गाळात दडून डोळ्यांमागच्या छिद्रांनी पाणी ओढतं. पाठीवर संत्र्याच्या रंगाचे, काळ्या कडेचे ठिपके. दिसायला देखणं, पण सांभाळून राहावं ते याच्यापासूनच. पाय पडला की शेपटीचा विषारी काटा घुसतो. मग सोसेल इतक्या गरम, फार तर ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात (म्हणजे आपली मे महिन्यातली दुपारच!) पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. रुतलेला काटा डॉक्टरकडूनच काढून घ्यावा.