भातानंतर काय घ्यायचं: उन्हाळी भेंडी की वाल?

शेत मुरबाड-शहापूरकडे आणि राहायला ठाणे, कल्याण नाहीतर नवी मुंबई, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. भात झोडून घरात आलं की दरवर्षी तोच प्रश्न असतो: खाचर जूनपर्यंत पडीक ठेवायचं की काही घ्यायचं? बोलणं फिरून फिरून दोन पिकांवर येतं. विहिरीला पाणी असेल तर उन्हाळी भेंडी, नाहीतर वाल. आमच्याकडे मुरबाड तालुक्यात ही दोन्ही पिकं घेऊन झाली आहेत. काका-काकू शेतावर असतात आणि मी ठाण्याहून येऊन-जाऊन असतो. त्या अनुभवावरून लिहितोय. तुमची जमीन, तुमचं पाणी आणि घरातली माणसं वेगळी असतील तर उत्तरही थोडं बदलेल, हे धरून वाचा.

आधी पाण्याचं बोलू. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. भातसा, तानसा, बारवी ही धरणं याच पट्ट्यातली, पण त्यांचं पाणी मुख्यतः शहरांकडे जातं. शेताला उरतो तो चार महिन्यांचा पाऊस, आणि खाली सह्याद्रीचा काळा पाषाण. त्याच्या फटींत राहील तेवढंच भूजल. ऑक्टोबरात भरून वाहणारा ओहोळ नाताळपर्यंत कोरडा पडतो. आमच्या विहिरीचं पाणी होळीपर्यंत बरं असतं, पण पाडवा उलटला की एकेक पायरी उघडी पडत जाते.

याला पिकाचं वेळापत्रक लावून बघा. भेंडीचं बी जानेवारी-फेब्रुवारीत टोचलं की दीड-पावणेदोन महिन्यांत पहिला तोडा मिळतो आणि खरा माल एप्रिल-मेमध्ये निघतो. म्हणजे पिकाची तहान वाढते त्याच वेळी विहीर तळाला जाते. ठिबक आणि मल्चिंग पेपर असेल तर बरंच निभावतं. आमच्याकडे मोकाट पाण्याच्या मानाने निम्म्यात भागलं असावं, मोजलेलं नाही. पण पाण्याची पाळी चुकवायची सोय नसते. भर उन्हात दोन पाळ्या हुकल्या की फुलं गळायला लागतात, शेंग वाकडी आणि राठ होते. पारा बेचाळिसाच्या वर गेला तर पाणी असूनही कळ्या टिकत नाहीत, आणि आपल्या आतल्या पट्ट्यात, मुरबाड, बदलापूर, कर्जतकडे, चाळीस ओलांडणं एप्रिलमध्ये नवीन राहिलेलं नाही. त्यात शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीच्या पाळीला काका बॅटरी घेऊन बांधावर जातात तेव्हा काकूंचा जीव थाऱ्यावर नसतो, कारण साप उन्हाळ्यात ओलाव्याच्या जागीच येऊन बसतात.

वाल या सगळ्याच्या आधीच घरात येतो. भात निघालं की नोव्हेंबरात, जमिनीत ओल आहे तोवर, नांगर घालून नाहीतर खाचरात तसंच टोकून मोकळं व्हायचं. सोटमूळ खोल जातं आणि खालची ओल खेचून घेतं. थंडीत पहाटेचं दवही कामी येतं. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एखादं हलकं पाणी देता आलं तर उत्तमच. नाही जमलं तर दाणा जरा बारीक राहतो, पीक जात नाही. मुरबाडजवळच्या म्हसा गावची पौषातली यात्रा येईपर्यंत वेल फुलाशेंगांवर आलेला असतो, आणि शिमग्याच्या आसपास वाळलेल्या शेंगा खळ्यावर असतात. खरा उन्हाळा सुरू होतो तेव्हा शेतात उन्हाने बिघडण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पैशाच्या बाजूने मात्र भेंडी पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं. एक दिवसाआड माल निघतो, कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजार समितीत जातो आणि हातात रोकड येते. आपल्या भागातली चांगली, बोटभर, कोवळी भेंडी निर्यातीलाही जाते. भाव पडतो तेव्हा पडतो, पण एकूण हंगामात भेंडीने वालापेक्षा जास्त पैसे दिले, हे आमच्या घरचं सत्य आहे. दुसरी एक गोष्ट मला पैशाहून मोठी वाटते. दिवाळीनंतर आपल्याकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा सुटते. भेंडीचं शेत गावात असलं तर त्यातल्या काहींना घरातून उठून कामाला येता येतं. आमच्याकडे दोन घरं त्या उन्हाळ्यात गावातच राहिली. भेंडीचा विचार करताना हे तराजूत घालायलाच हवं.

आणि तरीही माझं मन फिरलं ते तोड्यामुळे.

ज्यांनी भेंडी काढलेली नाही त्यांना हे काम सोपं वाटतं. फूल सकाळी उमलतं, पिवळं, आत गर्द तांबडं. त्यानंतर चार-सहा दिवसांत शेंग काढायला येते, आणि थंडीत जी शेंग एक दिवस थांबली असती ती एप्रिलच्या उन्हात थांबत नाही. आज बोटभर दिसलेली भेंडी परवा जून झालेली असते. नखाने टोक मोडून बघितलं की कळतं. कट्कन तुटली तर माल, वाकली तर गुरांना. जून शेंग झाडावर ठेवूनही चालत नाही, कारण मग झाड नवी फुलं कमी धरतं. म्हणून एक दिवसाआड तोडा व्हायलाच लागतो. घरात लग्न असो, जत्रा असो, कोणी आजारी असो, भेंडीला सुट्टी नाही.

हे काम कोण करतं आणि कसं करतं, ते जवळून बघा. बाया पहाटे पाच-साडेपाचला शेतात येतात, कारण नऊनंतर वाफ्यात उभं राहवत नाही. अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, हातात बोटं कापलेले जुने मोजे. एवढं सगळं उन्हाळ्यात अंगावर का, तर भेंडीच्या पानाला, देठाला आणि शेंगेला बारीक लव असते आणि ती कातडीला लागली की खाज सुटते. अंग कोरडं असताना ती सहन होते. घाम आला की तीच लव मानेत, कोपरांच्या खोबणीत, मनगटाशी रुतून बसते आणि आग होते. म्हणजे खाज टाळायला अंग झाकायचं आणि झाकल्यामुळे जास्त घामेजायचं. एकीने काकूंना सांगितलं, “बाय, रात्री झोप नाय लागत, अंग फुलल्यावानी होतं.” दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि तिच्या जागी कोणाला बोलवावं हे आम्हाला सुचलं नाही.

ऊन किती धोक्याचं आहे हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. हवामान विभाग मैदानी भागात 40 अंशांपासून आणि किनारपट्टीला 37 अंशांपासून, सरासरीपेक्षा किती जास्त हे बघून, उष्णतेची लाट धरतो. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावर बसलेल्या माणसांचे उष्माघाताने जीव गेले, तेव्हाही आसपास नोंदलेलं तापमान चाळीसच्या आत होतं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, हे त्यामागचं कारण. तिथे माणसं बसलेली होती. भेंडीच्या वाफ्यात बाई वाकलेली असते, ओळीत पाणी सोडलेलं असतं, पानांमध्ये हवा कोंडलेली असते. आम्ही सकाळी दहाच्या आत काम थांबवायला लागलो, मडक्यातलं पाणी, कोकम सरबत, मीठ-साखर सगळं ठेवलं. पण वेळ कमी केली की तोडा अर्धा राहतो, आणि उरलेला माल दोन दिवसांनी जून होऊन गुरांच्या गव्हाणीत जातो. हा पेच आम्हाला सुटला नाही. ठाण्यात बसून फोनवर “आज तोडा झाला का?” विचारणाऱ्या माणसाने तो सुटेल असं धरून चालू नये.

बाकी त्रास थोडक्यात सांगतो. कोरड्या उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि तीच भेंडीवर हळद्या रोग आणते. शिरा पिवळ्या पडल्या की त्या झाडाकडून काही मिळत नाही. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारख्या वाणांनी थोडा दिलासा मिळतो, पूर्ण नाही. लाल कोळी ही कीडही उष्ण-कोरड्या हवेतच माजतो. आणि मे महिन्यात राब (भाताच्या रोपांची जागा) भाजायचा, बांध नीट करायचे, बियाणं काढायचं, ही भाताची कामं आणि भेंडीचे शेवटचे तोडे एकाच वेळी अंगावर येतात. 2025 मध्ये मान्सून 26 मेलाच मुंबईत दाखल झाला, त्याआधीही मे महिना पावसातच गेला होता. त्या वर्षी ज्यांच्या खाचरात भेंडी उभी होती त्यांना ठिबकच्या नळ्या चिखलातून गोळा कराव्या लागल्या.

वालाला दोष नाहीत असं नाही. पहिला म्हणजे वेळ. हळवं (लवकर तयार होणारं) किंवा निमगरवं (मध्यम मुदतीचं) भात असेल तर ठीक. गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, भात असेल तर कापणी लांबते, खाचराला भेगा पडायला लागतात आणि मग टोकलेला वाल उगवतो, पण वाढत नाही. पाऊस लवकर आटोपला तर हे आणखी लवकर होतं. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट 2023 मध्ये गेला, अशा वर्षांत ओलीचा भरवसा कमीच धरावा. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ भरून राहिलं तर मावा पडतो आणि कोवळी शेंडी काळी होते. शेंगा पोखरणारी अळी आहेच. उत्पन्न बेताचं. वाळलेला वाल उपटायचा तोही पहाटे, दव असताना. ऊन चढल्यावर हात लावला की शेंगा तिथेच फुटतात. पण हे काम फेब्रुवारी-मार्चच्या गार पहाटे होतं, घरच्या चार माणसांत होतं, आणि आज नाही जमलं तर उद्या करता येतं. मला शनिवार-रविवारी जाऊन हात लावता येतो. भेंडीत ते शक्यच नव्हतं.

वालाला भाव नाही, ही तक्रार मी ऐकली आहे. व्यापाऱ्याला सरसकट दिला तर ती खरी आहे. आम्ही मात्र चांगली उन्हं दाखवून, भुंगा लागू नये म्हणून राख लावून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवतो आणि ठाण्यातल्या ओळखीच्या घरांना थोडा थोडा देतो. श्रावणात बिरड्यासाठी गावठी कडवे वाल मागणारी घरं ठाण्यात अजून खूप आहेत. भेंडी सकाळी तोडली की संध्याकाळपर्यंत विकावी लागते, मग भाव काही का असेना. वाल ऑगस्टपर्यंत माझ्यासाठी थांबतो.

शिवाय वालाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र सोडतात. वालानंतरच्या खाचरात भाताचा रंग आम्हाला जास्त काळोखा दिसला. युरिया किती वाचला ते सांगता येणार नाही, पण काकांनी एक हात कमी टाकला हे खरं.

तर कोणी काय घ्यावं? विहीर किंवा बोअर मे अखेरपर्यंत खात्रीने चालते, ठिबक आहे, आणि तोड्याला घरचीच तीन-चार माणसं रोज शेतावर आहेत, अशांनी भेंडी जरूर करावी, पण क्षेत्र आपल्या हातांना झेपेल एवढंच ठेवावं. कालव्याचं पाणी मिळणाऱ्यांनाही ती परवडेल. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांचं शेत एकीकडे आणि संसार दुसरीकडे आहे त्यांनी, वालाकडे बघावं असं मला वाटतं. आम्ही आता खाचरात वाल घेतो आणि विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत घरापुरती भेंडी लावतो. ती काकू सकाळच्या चहाआधी काढून ठेवतात.

वाल करायचा ठरवलात तर एक काम दसऱ्याच्या आधी करा. आपल्याकडे भात निघालं की गुरं मोकळी सुटतात, आणि सगळ्या शिवारात एकटं तुमचंच खाचर हिरवं असेल तर सगळ्या गावाची गुरं तिथेच येतील. काट्याचं कुंपण एका रात्रीत मोडतं. शेजारच्या चार-पाच खातेदारांशी बोलून सगळ्यांनी मिळून सलग पट्ट्यात वाल टोका, राखणीची पाळी लावून घ्या, आणि बी आत्तापासून बाजूला काढून ठेवा, म्हणजे कापणीनंतर ओल असताना शोधाशोध करत बसावं लागणार नाही. कोकण कृषी विद्यापीठाचे वाणही मिळतात. आम्ही गावठीच ठेवला आहे, चवीसाठी.