"गॅस संपलाय" म्हणणाऱ्या एसीवाल्यांपासून सावध राहा, ठाण्यातला अनुभव

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हे सगळ्यात आधी लिहिते, बाकीचं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं घरच्यांना सांगा. तो बंद पाइपात फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. घरातला फ्रिज बारा-पंधरा वर्षं चालतो, त्यात कोणी दर उन्हाळ्यात गॅस भरतं का?

मे महिन्यात घोडबंदर रोडला कसं उकडतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. आईबाबा मानपाड्याला राहतात, त्यांच्या बेडरूमचा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी थंड करेना म्हणून बाबांनी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि "सर्विस सेंटर ठाणे" टाकलं आणि वर आला तो नंबर लावला. समोरचा कंपनीचंच नाव घेऊन बोलला, कम्प्लेंट नंबरपण दिला, तासाभरात दोन पोरं हजर, अंगात कंपनीच्या लोगोचा टीशर्ट. शंका यायला जागाच नव्हती.

फिल्टर उघडूनसुद्धा बघितला नाही. सरळ आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या युनिटला, प्रेशर मोजायचा गेज लावला, काटा 60 वर. "काका, 120 पाहिजे, निम्मा गॅस गेलाय, असाच चालवलात तर कॉम्प्रेसर जाईल." कॉम्प्रेसरचं नाव काढलं की कोणीही घाबरतो, त्यांना ते बरोब्बर माहीत असतं. मग छोटा सिलेंडर जोडला, थोडा वेळ फुस्स फुस्स केलं, काटा 120 ला आणून दाखवला, झाले 3,800 रुपये. वर पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड, खराब आहे म्हणे, काढून नेतो, उद्या रिपेअर करून बसवतो, त्याचे 5,500. आईने तिथेच ठाम सांगितलं की घरातली वस्तू बाहेर जाणार नाही, म्हणून तेवढं वाचलं. शेजारच्या विंगमधल्या काकूंचा पीसीबी असाच नेला आणि परत आणला तो दुसराच, जुना, कुठून तरी काढलेला. बिल मागितलं तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, आणि यूपीआय गेलं कुणाच्या तरी पर्सनल नावावर.

दोन दिवसांत परत तेच, खोली गरम. तो नंबर आता उचलेना. मग माझ्या ऑफिसमधल्या एकाने नौपाड्यातले एक जुने मेकॅनिक दिले. त्यांनी आधी फिल्टर काढला, मग आउटडोअरची जाळी दाखवली, मेट्रोचं आणि बिल्डिंगांचं काम चालू असल्यामुळे धुळीचा अक्षरशः थर बसला होता, हवाच आत जात नव्हती. जेट पंपाने धुतलं आणि एसी थंड! गॅस त्यांच्या गेजवर व्यवस्थित, अँपिअर, म्हणजे एसी ओढतो तो करंट, तोपण बरोबर.

आता आईला प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ठेवायची सवय आहे, तिने त्या 60 च्या काट्याचापण काढला होता. मेकॅनिककाकांनी तो झूम करून दाखवला, गेजच्या नळीचा नट अर्धाच फिरवलेला, आटे बाहेर दिसतायत. आतली पिन पूर्ण दाबली गेली नाही तर खरं प्रेशर दिसणारच नाही. नंतर नट पूर्ण आवळला की तुमचाच गॅस तुम्हाला दाखवून पैसे घ्यायचे! म्हाताऱ्या माणसांच्या घरात जाऊन हे करतात याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

लीक खरंच होतं, विशेषतः खाडी आणि नाल्याजवळच्या बिल्डिंगमध्ये तांब्याची कॉइल लवकर खराब होते. पण मग आधी लीक शोधायचं, नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघायचं, लीक बंद करायचं, व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायची आणि मग आउटडोअरच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम किंवा किलो लिहिलेत तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा स्पीड बदलतो तसं प्रेशरही बदलतं, त्यामुळे नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका. गॅस कुठला तेही स्टिकरवर असतं, आर 32 असेल तर दुसरा काही मिसळू देऊ नका, आणि आर 32 थोडाफार पेट घेणारा आहे म्हणून लीक न शोधता गॅस भरत राहणं धोक्याचंपण आहे. फोनवरच विचारा, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का? जो टाळाटाळ करेल त्याला बोलवूच नका. आणि कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या, सर्चमधून नाही. आमच्या पीसीबीची तर वॉरंटी चालू होती, म्हणजे तो खरंच खराब असता तरी कंपनीने फुकट बदलला असता!

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली, कंपनीने लेखी दिलं की तो नंबर आमचा नाही. पैसे अजून आलेले नाहीत. काकूंनीपण तक्रार टाकली, यूपीआयचं नाव दोघींकडे सेम निघालं. मानपाडा, कासारवडवली, वाघबीळ भागात अजून कोणाकडे ही पोरं आली असतील तर पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुम्हीपण तक्रार करा, एकाच नावावर चार-पाच तक्रारी गेल्या तर पोलिसांना पकडायला काहीतरी हाताशी लागेल.