सोसायटीचं आमंत्रण आलंय: मानाचं सभासदत्व घ्यावं की कामाचं?

संशोधकांच्या एखाद्या सोसायटीचा, म्हणजे संघटनेचा, मेल साधारण असा असतो: ‘आपल्या संशोधनाची दखल घेऊन सभासदत्वासाठी आपलं नाव सुचवण्यात आलं आहे.’ खाली एक बटण, एक मुदत आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात वार्षिक वर्गणी. पहिली दोन मिनिटं छाती फुगते. वर्गणीवर नजर गेली की शंका येते, आणि ती यायलाच हवी.

आधी नाव कोणी सुचवलं ते शोधा. सिग्मा झाय ही १८८६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेली मानाची सोसायटी. तिथे नवं नाव जुने सभासदच सुचवतात. बहुधा तुमचे गाईड किंवा विभागातलंच कोणीतरी. ‘सर, माझं नाव तुम्ही दिलंत का?’ एवढं विचारलं की निम्मा गुंता सुटतो. कोणालाच काही माहीत नसेल, मेलमध्ये तुमच्या विषयाचा पत्ता नसेल आणि पीएचडी व्हायच्या आधीच तुम्हाला ‘प्रोफेसर’ म्हटलं असेल, तर तो मेल खुशाल उडवा.

एक मधला प्रकारही आहे. सायन्स हे साप्ताहिक काढणारी ट्रिपल-ए-एस (अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स) ही १८४८ पासूनची, नावाजलेली संस्था. पण तिचं सभासदत्व सगळ्यांना खुलं आहे. फेलो, म्हणजे वरच्या मानाचा सभासद, मात्र निवडून व्हावं लागतं. तेव्हा ‘सभासद व्हा’ असं पत्र आलं म्हणजे निवड झाली, असं समजू नका.

आता खरी तुलना: मानाची सोसायटी की आपल्या विषयाची? रसायनशास्त्रवाल्यांसाठी १८७६ सालची अमेरिकन केमिकल सोसायटी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी आय-ट्रिपल-ई (IEEE) ही अभियंत्यांची संघटना. इथे कोणी बोलावत नाही, आपणच अर्ज करायचा. मिरवण्यासारखं काही नाही. पण परिषदेची नोंदणी सभासदांना सहसा स्वस्त पडते, विद्यार्थ्यांना वर्गणीत सवलत असते आणि आपल्याच विषयावर डोकं खाजवणारी माणसं भेटतात. शिवाय पुढे चढायला पायऱ्या असतात. आय-ट्रिपल-ईमध्ये सिनियर मेंबर व्हायला व्यवसायातली किमान १० वर्षं लागतात. त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. फेलो व्हायला मात्र दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं.

मानाच्या सभासदत्वाची बायोडेटात एक ओळ होते. विद्यार्थी असाल, नुकतीच नोकरी शोधत असाल तर ती ओळ उपयोगी पडते. पंधरा पेपर असलेल्याच्या बायोडेटात ती कोणी वाचतही नाही. सिग्मा झाय विद्यार्थ्यांच्या संशोधनाला छोटी अनुदानंही देते, ती मिळण्याजोगी असतील तर माझं मत लगेच त्या बाजूला झुकतं. एरवी पैसे एकाच वर्गणीपुरते असतील, तर मी विषयाची सोसायटी निवडेन. आणि मानाची घेतलीच, तर दुसऱ्या वर्षी वर्गणी भरण्याआधी बघा: वर्षभरात एका तरी व्याख्यानाला गेलात का?

नाही म्हणायचं ठरलं, तरी नाव सुचवणाऱ्याला दोन ओळी आभाराच्या लिहाच. पुढचं शिफारसपत्र बहुधा त्यांच्याकडेच मागायचं असतं.