आइस स्केट्सच्या नावाखाली २६,४५० रुपयांना लुबाडलं, सावध राहा

रत्नागिरी, चिपळूणकडच्या ज्या पालकांची मुलं स्केटिंगला जातात, त्यांनी हे वाचाच.

माझी मुलगी आधी क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकं) आणि आता इनलाइन (सगळी चाकं एका रांगेत) स्केटिंग करते. देहरादूनच्या बर्फाच्या रिंकवर शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे छोट्या अंडाकृती ट्रॅकवरच्या स्पीड स्केटिंग शर्यतीच्या, सरावाला जायचं ठरलं. बर्फावरचे स्केट्स इथे कुठे मिळणार? आमच्याकडे बर्फ बघायचा तो मिरकरवाड्यात, मासळीच्या खोक्यांत. इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: गोड बोलणं, 'शेवटची जोडी', मग क्यूआर कोड. स्केट्सचे १८,५००, रेसिंग सूटचे ४,२०० आणि माल अडकलाय म्हणून 'कस्टम'चे ३,७५०. माल सुटावा म्हणून वेगळे पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

व्हिडिओ कॉलवर त्याने बूट उलटा धरला आणि पात्याच्या टोकाला करवतीसारखे दात दिसले. मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, हे दात कशाला?" तो म्हणाला, "ब्रेक आहे, ताई. सगळ्या प्रकारांना चालतो." तिथेच सगळं उघडं पडलं होतं! पण क्वाड स्केट्सना पुढे रबरी ब्रेक असतोच, तो आम्ही रोज बघतो. मग खोटं का वाटावं? ते दात फिगर स्केटिंगचे, उडी आणि गिरकीसाठी. हॉकीच्या पात्याला ते नसतात, स्पीड स्केटिंगच्याही नसतात. शॉर्ट ट्रॅकचं पातं लांब असतं आणि बूट कडक, घोट्याला आधार देणारा. सगळी वळणं डावीकडे, म्हणून पातं बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवलेलं असतं. सगळ्या प्रकारांना एकच जोडी चालते म्हणणारा चोर समजा.

पार्सलमधून आलं काय? मऊ रेक्झिनचे बूट. घोट्याशी अंगठ्याने दाबले तर आत जातात. पाती रिव्हेटने ठोकलेली, खिळ्यांपाशी गंज. आणि 'रेसिंग सूट' म्हणजे टिकल्या लावलेला पातळ लायक्राचा ड्रेस! शॉर्ट ट्रॅकमध्ये पडल्यावर दुसऱ्याचं पातं लागतं. त्यासाठी सहजी न कापणाऱ्या कापडाचा सूट, गळ्याचं गार्ड, हेल्मेट, हातमोजे लागतात. माझ्या पोरीचा गळा कापला असता तर?

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ग्राहक आयोगात जा. तिथे विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? बँकेतली बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलात." म्हणजे चोर मोकळा आणि आम्ही अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर! एकाने तर विचारलं, कोकणात बर्फाचे बूट हवेत कशाला. पोरांनी खेळायचंच नाही का?

पैसे गेले की आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मग बाकीचं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. प्रशिक्षकाला फोटो दाखवल्याशिवाय रुपयाही पाठवू नका. आमचे सर तेव्हा गावाला होते, आणि विक्रेत्याला पैसे त्याच रात्री हवे होते.

तो आता नव्या नावाने विकतोय. फोटो तेच, निळ्या चादरीवर पांढरी जोडी. दिसली तर तक्रार करा.