गोधडी: हाताने की मशीनवर?

जुन्या सुती साड्यांचं गाठोडं कपाटात पडून आहे. वेळ मात्र नाही. मग मशीन काढावं की सुई?

मशीनचा वेग खराच. दोन-तीन थरांची बाळाची गोधडी एका रविवारी उरकते. थर वाढले की मात्र घरगुती मशीन कुरकुरतं. मशीनच्या सुईखालचे कापड सरकवणारे दात खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. आधी कच्चे टाके, १६ नंबरची सुई आणि टाका जरा लांब ठेवला तर निभावतं. पण मांडामांड, आवराआवर? आणि रात्री दहाला ती खडखड म्हणजे मुलं उठलीच.

हाताच्या गोधडीला महिना-दोन महिने सहज लागतात. कडेपासून धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने आत जायचं. तिची खरी गंमत अशी, की ती तुकड्यातुकड्याने होते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत अर्धी ओळ, पाढे म्हणून घेताना उरलेली. हाक आली की ठेवून उठायचं. (रांगतं मूल असेल तर सुई आधी डबीत!) टाके सैल, म्हणून ती अंगावर मऊ पडते. मशीनची जरा ताठच राहते.

रोज धुवायच्या बाळाच्या गोधडीला मी मशीनच वापरते. आजीच्या नऊवारीला मात्र हाताचाच टाका. ती गोधडी गेल्या दिवाळीपासून चालू आहे, अजून मधला चौकोन बाकी आहे.