हायस सॉल्व्हर: विद्यापीठातल्या रिसर्चमधून आलेला फुकट सॉल्व्हर, कामाला किती येतो?

शिफ्टचं रोस्टर, परीक्षेचं टाइमटेबल, प्रॉडक्शन प्लॅनिंग असलं काही तुम्ही पायथनमध्ये करत असाल तर कदाचित हायस आधीच वापरताय, फक्त नाव माहीत नसेल. हायस (HiGHS) म्हणजे सॉल्व्हर, अटी आणि उद्दिष्ट गणिताच्या भाषेत दिलं की त्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर शोधून देणारा प्रोग्रॅम. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतलं लिनप्रोग फंक्शन आहे ना, त्याच्या आत १.९ व्हर्जनपासून डिफॉल्ट हाच बसलाय आणि जुन्या मेथड तर १.११ मध्ये काढूनच टाकल्या. मी आता सायपायमधून न जाता डायरेक्ट हायस्पाय पॅकेज वापरतो, कारण त्यात सेटिंग सगळी हातात राहतात.

हा एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन हॉल यांच्या ग्रुपमध्ये तयार झाला. यातली उत्तर शोधायची मुख्य पद्धत म्हणजे सिम्प्लेक्स मेथड, ती गणितज्ञ डँटझिगची, १९४७ ची, त्यामुळे लोकांना वाटतं यात आता रिसर्च करण्यासारखं काय उरलंय, पण उरलंय हो, भरपूर. प्रत्येक स्टेपला समीकरणं सोडवावी लागतात आणि खऱ्या प्रॉब्लेममध्ये त्या आकड्यांत बहुतेक सगळी शून्यंच असतात, मग त्या शून्यांवर वेळच घालवायचा नाही यावर हॉल यांनी कित्येक वर्षं काम केलं, आणि पुढे त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी ची हुआंगफू यांनी ड्युअल सिम्प्लेक्स (सिम्प्लेक्सचाच एक प्रकार) पॅरलल, म्हणजे एकाच वेळी अनेक कोअरवर, कसा चालवायचा ते करून दाखवलं. त्या दोघांचा पेपर २०१८ चा. प्राध्यापकांचा रिसर्च पेपरातच राहतो असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

आता वापरायला कसा, तर मला सगळ्यात जास्त आवडतो तो त्याचा लॉग. रन चालू असताना समोर दोन आकडे दिसत राहतात, आत्तापर्यंत सापडलेलं बेस्ट सोल्युशन आणि याहून चांगलं काही असूच शकत नाही अशी बाउंड, आणि शेजारी दोघांमधला गॅप टक्क्यांत. समजा खर्च कमी करायचाय, सोल्युशन १०५० वर आलंय आणि बाउंड १००० वर आहे, तर गॅप पाच टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे अजून कितीही वेळ थांबलात तरी जास्तीत जास्त ५० च वाचणार, मग थांबायचं का आहे तेच रोस्टर लावून मोकळं व्हायचं हे तुम्ही ठरवा. नुसतं ह्युरिस्टिक, म्हणजे अंदाजाने बरं उत्तर शोधणारी युक्ती, लिहिलं तर ही खात्री कधीच मिळत नाही. आणि एक लक्षात ठेवा, डिफॉल्ट रिलेटिव्ह गॅप ०.०१ टक्के आहे, तेवढ्यात आलं की तो ऑप्टिमल म्हणून थांबतो, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत हवं असेल तर ते सेटिंग शून्य करा.

टॉलरन्सचं, म्हणजे सॉल्व्हर किती बारीक चूक चालवून घेतो त्याचं, मात्र नीट समजून घ्याच, इथे भलेभले अडकतात. इंटिजर व्हेरिएबल, म्हणजे ज्याची किंमत पूर्णांकच हवी ते, पूर्णांकापासून ०.०००००१ एवढं लांब असलं तरी डिफॉल्टला ते चालतं. आता कोणी मशीन चालू-बंद दाखवायला "माल एम गुणिले चालू-बंदचं व्हेरिएबल (० किंवा १) याहून जास्त नको" अशी अट लिहिली आणि त्यात बिग-एम, म्हणजे मोठा आकडा, म्हणून दहा लाख टाकले, तर मशीन "बंद" असताना चालू-बंदचं व्हेरिएबल ०.०००००१ राहू शकतं आणि त्याला दहा लाखांनी गुणलं की एक युनिट माल बंद मशीनमधून बाहेर! सॉल्व्हर चुकलेला नसतो, मॉडेल सैल असतं. मशीनची कपॅसिटी ४०० असेल तर एम ४०० च ठेवा, यानं रनसुद्धा फास्ट होतो कारण बाउंड घट्ट मिळते. आणि उत्तर वाचताना ०.९९९९९९ ला इंट लावू नका, थेट शून्य होतं, राउंड लावा.

कमी कुठे पडतो, तर मोठ्या अवघड इंटिजर प्रॉब्लेमवर. तिथे गुरोबीसारखे पेड सॉल्व्हर बरेच पुढे आहेत, त्यात वाद नाही. क्वाड्रॅटिक ऑब्जेक्टिव्ह (ज्यात व्हेरिएबलचे वर्ग येतात असं उद्दिष्ट) चालतं पण कॉन्व्हेक्स (वाटीसारखं, एकच तळ असलेलं) असेल तरच, आणि सोबत इंटिजर व्हेरिएबल असतील तर नाही. इनफिजिबल, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळणं अशक्य, असं उत्तर आलं की कुठल्या अटी एकमेकींना आडव्या येतायत ते शोधायला मी संशयित अटींना स्लॅक (अट किती मोडली ते मोजणारं व्हेरिएबल) जोडून त्यावर मोठी पेनल्टी लावतो, जिथे स्लॅक शून्याच्या वर जातो तिथून शोधायला सुरुवात. साध्या एलपीला (लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे इंटिजरची अट नसलेले सरळ प्रॉब्लेम) मात्र डोळे झाकून घ्या, शॅडो प्राइसपण (एखादी अट एक युनिट सैल केली तर किती फायदा होईल ते) मिळतात.

लायसन्स एमआयटी, त्यामुळे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तरी चालतो. थिसिस किंवा पेपरात वापरला असेल तर तो २०१८ चा पेपर साइट करा ही विनंती, त्यांनी स्वतःही तेवढंच मागितलंय, आणि विद्यापीठातल्या माणसाला पुढचं फंडिंग मागताना "आमचं काम लोक वापरतात" हे दाखवावं लागतं, ते आपण साइट केल्याशिवाय दिसणार कसं.