भिलारमध्ये, मृगाच्या तोंडावर

पाचगणीजवळच्या भिलारला बहुतेक लोक स्ट्रॉबेरीच्या दिवसांत जातात. मी मुद्दाम जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आधी गेलो. राज्य मराठी विकास संस्थेने ४ मे २०१७ रोजी येथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले, तेव्हा २५ ठिकाणी पुस्तके मांडून प्रत्येक जागेला एकेक साहित्यप्रकार वाटून दिला होता. ही कल्पना वेल्समधील हे-ऑन-वायवरून सुचलेली असली, तरी तिथे जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री चालते आणि इथे मात्र कोणाच्या तरी घरात बसून फुकट वाचायचे असते.

कवितेच्या कपाटासमोर मी उन्हाळा शोधत बसलो. पावसाच्या कविता आपोआप हाताला लागतात, उन्हाळ्याच्या मात्र शोधाव्या लागतात. शाळेने आपल्याकडून श्रावण पाठ करून घेतला, वैशाख नाही. सर्वांत जास्त रेंगाळलो तो बहिणाबाई चौधरींपाशी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या असोद्याच्या लेकीने शेतात आणि जात्यावर गायिलेल्या रचना घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि तिच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. माझे आजोळ जळगावकडचे. त्यामुळे ती बोली वाचताना अकरालाच लागणारी दारे, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणारी मामी आणि रात्री धाब्यावर टाकलेली अंथरुणे एकामागून एक आठवत गेली. बाहेर धुके उतरत होते आणि मी शाल गुंडाळून बसलो होतो. त्या उन्हात असताना आम्ही फक्त त्याला शिव्या दिल्या होत्या, हेही आठवले.

पलीकडच्या पडवीत वाळलेल्या कुरडया डब्यांत भरण्याची घाई चालली होती, मधेच एक काकू “भाऊ, चहा टाकू का?” असे विचारून गेल्या. वाचनालयात ही सोय नसते.

पुण्याहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून जावे लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि दीड दिवस तरी हाताशी ठेवावा. एका दुपारीत सगळी घरे उरकणाऱ्यांना नुसती कपाटे दिसतील. जुलैत तिकडचा पाऊस घराबाहेर पडू देत नाही. मी पुन्हा जाणार आहे तो ऑक्टोबरात, कारण ऑक्टोबरच्या उन्हावर कोणी कविता केली आहे का, हे पाहायचे राहून गेले.